वेढे मोजताना बोलू नये

मी गणित शिकवायचे त्या शाळेच्या प्रयोगशाळेत दाराच्या आतल्या बाजूला खडूनं लिहिलेलं असायचं, 'वेढे मोजताना बोलू नये.' सूचना आतल्या बाजूला असल्यामुळे ती वाचायला आधी आत जावं लागायचं, आणि आत गेलेला माणूस तोवर काहीतरी बोलून बसलेला असायचा. मग मामा हातातली तार थांबवायचे, त्या माणसाकडे एकदा बघायचे, आणि तोवर गुंडाळलेले तीनचारशे वेढे मुकाट्यानं उलगडायला घ्यायचे. मोजणी चुकलीच आहे असं नसायचं. चुकली असेल, एवढी शंका त्यांना पुरे होती. मग पुन्हा एकपासून सुरुवात.

एकदा मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, कसल्याशा कागदावर सही घ्यायला स्वतः तिथं आल्या. मोठ्या बाईंना सांगलीतले पालकसुद्धा वचकून असायचे. मामांनी डाव्या हाताचा पंजा वर केला आणि उजव्या हातानं मोजत राहिले. मोठ्या बाई दहा मिनिटं दारात उभ्या. सातशे वेढे पुरे झाल्यावर मामांनी तारेला गाठ मारली, उठून खाडकन सलाम ठोकला आणि म्हणाले, "बोला बाई. ओव्हर."

कागदोपत्री ते प्रयोगशाळा सहाय्यक होते. पण मुलींच्या शाळेत खाकी पँट घालणारा प्रत्येक पुरुष मामाच असतो, तसे तेही झाले. मूळ गाव म्हसवडच्या अंगाला, माणदेशात. वीस वर्षं लष्करात संदेश धाडायच्या कामावर काढून आलेले. राहायला मिरजेत, सतारी-तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत, आणि तिथून रोज सायकलवर सांगलीला. त्या कारागिरांशी त्यांचा तारेवरून कायमचा वाद असायचा. "त्यांची तार ताणल्यावर गाती," ते सांगायचे, "आमची गुंडाळल्यावर बोलती. आता कुणाची खरी, सांगा."

गुंडाळणं हा त्यांचा श्वास होता. खडूची रिकामी खोकी, मोडक्या छत्रीचा दांडा, एकदा तर शाळेच्या स्वयंपाकघरातलं लाटणं, काहीही त्यांच्या तावडीत सापडलं की दोन दिवसांनी ते तांब्याच्या तारेत लपेटून परत यायचं. शाळेत कुठंही तार लोंबकळताना दिसली की कुणी विचारायचंदेखील नाही. मामा काहीतरी करत असतील, एवढं उत्तर सगळ्यांना पाठ होतं. पुढं मला या गोष्टीचा फार उपयोग झाला.

आणखी एक त्यांची वस्तू म्हणजे मग. लष्करातला, पांढऱ्या रोगणाचा, काठाला टवका उडालेला मोठा मग. तो प्रयोगशाळेत खिळ्याला उपडा टांगलेला असायचा. शिक्षकखोलीत चहा आला की मामा तो घेऊन यायचे, चहा त्यातच घ्यायचे, स्वतः विसळायचे आणि घेऊन जायचे. कपबशीला त्यांनी कधी हात लावला नाही. कुणाच्या लग्नाला गेले तरी मग सायकलच्या दांड्याला लटकत बरोबर. मुली त्यावरून हसायच्या. शिक्षकखोलीतल्या काहीजणी हसायच्या नाहीत, त्या समाधानानं मान हलवायच्या. मामा बौद्ध होते, छप्पनच्या दीक्षेतल्या घरातले, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी आपलं आपण वेगळं ठेवलंय, आपल्याला बोलायची वेळ आणली नाही, बरं झालं, असं त्या समाधानाचं भाषांतर होतं. ते मोठ्यानं कुणी म्हणत नसे. मीही म्हटलं नाही. पण मी काही वेगळं समजत होते असंही नाही, आणि माझ्यासारखीनं तरी समजायला हवं होतं, कारण वेगळा कप म्हणजे काय हे त्या खोलीत माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

ते सांगते. सांगलीला येण्याआधी मला क्षय झाला होता. मिरजेला दवाखान्यात पडून होते, महिनोन्‌महिने रोज इंजेक्शनं. छाती साफ झाली. डॉक्टरांनी तसं लिहूनही दिलं. पण त्या इंजेक्शनांनी जाता जाता कान नेले. सगळेच नाही, पण माणूस बोलतोय एवढं कळावं आणि काय बोलतोय ते कळू नये, इतपत ठेवले. आधी औंधजवळ भावाच्या घरी राहिले. भाऊ चांगला, वहिनीही वाईट नव्हती. तिनं फक्त माझा कप वेगळा काढला आणि चुकून कुणी घेऊ नये म्हणून त्याच्या कानाला लाल दोरा गुंडाळून ठेवला. भाच्यांना तो दोरा आधी कळला आणि आत्या नंतर. मी स्वयंपाकघरात गेले की धाकटा मला बोट दाखवून सांगायचा, "तुजा त्यो हाय." डॉक्टरांचा कागद मी वहिनीला दोनदा वाचून दाखवला. तिनं ऐकून घेतला आणि दोरा तसाच ठेवला.

म्हणून सांगलीच्या शाळेत गणिताची जागा मिळाली तेव्हा मी ती जिवाच्या आकांतानं धरली. एका बाईंच्या घरी मागची खोली घेतली. गंमत अशी की निघताना तो दोरेवाला कप मी स्वतःच पिशवीत टाकला. शिक्षकखोलीतही मी त्यातूनच प्यायचे, चहा झाला की तो खिडकीच्या कोपऱ्यात ठेवायचे. वहिनीचा दोरा माझ्या डोक्यालाच गुंडाळला गेला होता.

बहिरी आहे हे मात्र मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं तर नोकरी जाणार आणि नोकरी गेली की औंध, भावाचं स्वयंपाकघर, 'तुजा त्यो हाय'. त्यापेक्षा लबाडी परवडली. आणि लबाडीत मी तरबेज झाले होते. मुलींना उत्तर फळ्यावर येऊन लिहायला लावायचं. ओठांकडे बघायचं. हो की नाही एवढंच उत्तर येईल असे प्रश्न विचारायचे. भावानं घेऊन दिलेलं कानाचं यंत्र होतं, काड्यापेटीहून मोठं, छातीशी ठेवायचं आणि त्यातून वायर कानात. ते वर्गात एकदाच लावलं. ते सगळंच मोठं करायचं. बाक सरकला, पट्टी पडली, रस्त्यावरून बैलगाडी गेली, सगळं कानात, आणि मुलीचा आवाज त्या गदारोळात बुडून गेलेला. ते पेटीत गेलं ते गेलंच.

चार महिने निभावलं. मग एका पालकाची चिठ्ठी आली, की मुलीनं तीनदा शंका विचारली आणि बाईंनी मागं वळूनही पाहिलं नाही. मोठ्या बाईंनी मला बोलावलं. त्या हळू बोलायच्या, त्यामुळे मला निम्मंच कळलं, पण ते निम्मं पुरेसं होतं. दिवाळीनंतर शाळेची तपासणी होती. तपासणीचे साहेब माझ्या वर्गावर बसतील, आणि त्यांचं मत पडेल तसं माझं पुढचं ठरेल.

त्याच आठवड्यात मामांनी मला पकडलं. मी प्रयोगशाळेत त्रिकोण-चौकोनांची लाकडी पेटी शोधत होते. मामा काचपट्ट्यांचा ट्रे घेऊन माझ्या मागं आले, बाजूला व्हा म्हणाले, पुन्हा म्हणाले, आणि मग त्यांनी मुद्दाम एक काचपट्टी फरशीवर सोडली. हे सगळं त्यांनी मला नंतर सांगितलं. मला फक्त पायाशी काचा दिसल्या. मी वळले तर ते समोर येऊन उभे, आणि ओठ दिसतील अशा बेतानं, सावकाश विचारत होते, "किती दिस झालं, बाई?"

मला रडू आलं. आधी राग आला, मग रडू. मी म्हटलं, कुणाला सांगाल तर याद राखा. मामा म्हणाले की वीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचेच निरोप पोचवले, स्वतःचा एकही धाडला नाही, तेव्हा काळजी करू नका. मग स्टुलावर बसवून त्यांनी मला ती त्यांची करामत दाखवली. मुलींना दरवर्षी दाखवायचे, मी मात्र कधी बघितली नव्हती.

लोखंडी गजावर तारेचं जाडजूड वेटोळं, त्याची टोकं विजेच्या बटणाला. दुसरं लहान वेटोळं त्यांच्या हातात, आणि त्याला बॅटरीचा चिमुकला दिवा जोडलेला. दोन्हींच्या मध्ये काही नाही. हातातलं वेटोळं त्यांनी हळूहळू खाली आणलं तसा दिवा लाल झाला, मग पिवळा, मग लख्ख पेटला. वर नेलं की विझला. मी दोन्हींच्या मधून कागद घातला, हात घातला. दिवा आपला पेटलेला.

"ह्येला शिवायला लागत न्हाई, बाई," मामा म्हणाले. "जवळ यायला लागतं, बास."

जी वीज दिवा पेटवते तीच आवाजही नेते, असं त्यांनी मला पाटीवर चित्र काढून समजावलं. वर्गाच्या चारी भिंतींच्या कडेनं तार फिरवायची. गॅदरिंगला कर्ण्यासाठी वापरतात तो ॲम्प्लिफायर प्रयोगशाळेच्या कपाटातच होता, तो कर्ण्याऐवजी त्या तारेला जोडायचा. माझ्याकडे एक लहानसं वेटोळं, माझ्या कानाच्या यंत्राला जोडलेलं. मग यंत्र हवेतला गोंधळ ऐकणारच नाही. माइकमध्ये जे बोललं जाईल तेवढंच, थेट, माझ्या कानात. मधे वायर नाही, काही नाही. वर्गात कुठंही फिरा.

मुलींच्या हातात माइक देऊ, असं त्यांचं साधं म्हणणं होतं. मी साफ नाही म्हटलं. माइक दिला म्हणजे बाई बहिरी आहे ही दवंडीच की. त्यात लाजण्यासारखं काय आहे हे मामांना समजत नव्हतं, पण त्यांनी वाद घातला नाही. माझ्या वर्गाच्या मागच्या भिंतीला लागूनच प्रयोगशाळा होती आणि त्या भिंतीला वर एक झरोका होता. मामा म्हणाले, मी पलीकडं झरोक्याखाली बसतो. पोरी बोलतील ते मला ऐकू येईल, ते मी तुम्हाला हळूच माइकमधून सांगतो. लष्करात आम्ही हेच करत होतो, एका डोंगरावरचा निरोप दुसऱ्या डोंगरावर.

दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी वर्गात तार फिरवली आणि तिच्यावर चुना मारला. कुणी काही विचारलं नाही. माझं लहान वेटोळं करायला त्यांना चार दिवस लागले, कारण तार केसाइतकी बारीक होती, वेढे हजारांनी होते आणि सुट्टीतसुद्धा कोणी ना कोणी दारात येऊन 'मामा' म्हणायचंच. तीनदा त्यांनी ते उलगडलं. अखेर अर्ध्या बोटाएवढी एक गुंडी तयार झाली. ती मी अंबाड्यात खोवायची, यंत्र कमरेला, वायर पदराखालून, आणि कान केसांनी झाकलेला. त्यात एक अट होती. ती गुंडी सरळ उभी राहिली तरच आवाज पकडायची. मी खाली बघितलं की आवाज बारीक व्हायचा, आणखी वाकले की गेलाच.

"मान ताठ ठिवा," मामा म्हणाले. "मान घातली खाली की ऐकू येनार न्हाई तुमास्नी."

आजारानंतर माझी मान खालीच असायची. ती नाइलाजानं वर झाली. शिक्षकखोलीत बोलणं झालं म्हणे, की दिवाळीपासून गणिताच्या बाईंना भारी ताठा आलाय.

तो पुढचा महिना माझ्या आयुष्यातला सर्वांत विनोदी महिना. सातवीच्या चाळीस मुली, आणि चाळीसही माझ्याशी माणदेशी पुरुषी आवाजात बोलत होत्या. "बाई, दुसरं गनित फळ्यावरनं पुसलं गेलंया म्हनतीया. ओव्हर." "तिसऱ्या बाकावरली म्हनती, उत्तर सत्तावीस आलं." मामांचा दंडक एकच होता, जसं आलं तसं धाडायचं. मधल्या माणसानं आपलं डोकं चालवलं की पलीकडची माणसं मरतात, हे त्यांनी डोंगरावर पाहिलं होतं. त्यामुळे मुली आपापसांत कुजबुजायच्या तेही यायचं. "बाईंची साडी कालचीच हाय, असं चाललंय हिकडं." मी खडू फिरवता फिरवता वळून म्हणायचे, साडीकडे नंतर बघा, आधी गणित. मुली हबकायच्या. बाईंना पाठीला कान आहेत, अशी माझी कीर्ती झाली. फक्त एका बाबतीत मामा निरोप द्यायचे नाहीत. मुलीचं पोट दुखतंय, तिला घरी जायचंय, असलं काही आलं की माझ्या कानात दोनदा खोकला यायचा. मग जी मुलगी उठून उभी असेल तिच्याजवळ मी जायचे.

तपासणीचा दिवस उजाडला. साहेब उतारवयाचे होते, बंद गळ्याचा कोट, जाड भिंगांचा चष्मा. मागच्या बाकाशेजारी खुर्ची टाकून बसले. मोठ्या बाई दाराशी. मी मान ताठ ठेवून कोनांचा धडा घेतला. माझे प्रश्न मी विचारले, मुलींनी उत्तरं दिली, मामांनी ती जशीच्या तशी पोचवली. पाऊण तास कसा गेला कळलं नाही. मोठ्या बाईंचा चेहरा सैल झालेला मला दिसत होता. आता घंटा होणार आणि मी सुटणार, असं वाटायला लागलं.

तेवढ्यात साहेबांनीच हात वर केला आणि मागच्या बाकावरच्या एका मुलीला प्रश्न विचारला. मामांनी तो मला धाडला. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज किती? मुलगी हुशार होती, पण साहेबांना बघून गांगरली. ती मान खाली घालून काहीतरी बोलली. कानात आलं, "एकशे ऐंशी अंश."

मी हसून म्हटलं, "शाब्बास. अगदी बरोबर. बस खाली."

वर्ग एकदम स्तब्ध झाला. ऐकू न येणाऱ्या माणसाला शांतता दिसते. मुली एकमेकींकडे बघत होत्या. साहेबांनी चष्मा नाकावर खाली घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मोठ्या बाईंनी डोळे मिटून घेतले. काय झालंय ते मला कळेना, पण काहीतरी फार वाईट झालंय हे कळलं. औंधचं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आलं.

मग दारात मामा दिसले. हातात अजून माइक, आणि त्याची वायर ताणून ताणून शेवटाला आलेली, म्हणून उंबऱ्याशीच अडकून उभे. त्यांनी सलाम केला. ते समोर बोलत होते आणि माइक चालूच असल्यामुळे त्यांचा आवाज माझ्या डोक्यातही बोलत होता.

"साहेब, चूक माजी हाय. पोरगी तीनशे साठ म्हनली. मी बाईंस्नी एकशे ऐंशी धाडलं."

वीस वर्षांत एकदाही न मोडलेला दंडक त्यांनी माझ्यासाठी मोडला होता. मुलगी चुकली तर बाईंवर शेकेल, या भीतीनं. साहेब आणि मोठ्या बाई दोघंही काहीच न कळून त्यांच्याकडे बघत राहिले. मामांनी माझ्याकडे पाहिलं. पुढचं ते सांगणार नव्हते. तो निरोप माझा होता.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. पण धरणी जागच्या जागी राहिली आणि मला बोलावंच लागलं. मी कानावरचे केस मागं सारले आणि चाळीस मुलींसमोर म्हटलं, "मला नीट ऐकू येत नाही." हे वाक्य मी तोवर एकटी असतानासुद्धा उच्चारलं नव्हतं. मग एकदा सुरुवात झाल्यावर सगळंच सांगितलं. इंजेक्शनं, भिंतीकडेची तार, अंबाड्यातली गुंडी, झरोक्यापलीकडचे मामा. सांगताना माझी मान ताठ होती, आणि त्या वेळी काही ऐकण्यासाठी नव्हती.

कुणी काही बोलायच्या आत तीनशे साठवाली मुलगी उठली. थेट दाराशी गेली आणि मामांपुढे हात केला. मामांनी माइक तिच्या हातात दिला. तिनं तो दोन्ही हातांनी तोंडाशी धरला.

"बाई, माझं चुकलं. एकशे ऐंशी."

मला तिचा आवाज ऐकू आला. किनरा, थोडा घोगरा, शेवटाला कापणारा. इतके महिने तिला शिकवत होते आणि तिचा आवाज मला माहीत नव्हता, मामांचाच माहीत होता. कान गेल्यापासूनच्या चार वर्षांत लेकराचा आवाज असा स्वच्छ, एकटा, मी पहिल्यांदा ऐकला.

साहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मग उठून दाराशी येऊन त्यांनी मुलीकडून माइक मागून घेतला, म्हणजे ते काय बोलले ते मला शब्दन्‌शब्द कळलं. ते म्हणाले, ही भिंगं नसती तर मला तुमचा फळा दिसला नसता, आणि तरी मी वीस वर्षं शाळा तपासतोय. मग जरा कडक आवाजात पुढं म्हणाले, "पण बाई, मधला माणूस काढून टाका. हे मुलींच्या हातात द्या." मामांनी त्याला सर्वांत आधी मान हलवली.

शेऱ्यांच्या वहीत साहेबांनी जे लिहिलं ते मोठ्या बाईंनी शिक्षकखोलीत वाचून दाखवलं, आणि वाचताना त्या माझ्या समोर येऊन उभ्या राहिल्या, ओठ दिसतील अशा. 'गणिताच्या तासाला मुली एकेक करून, विचार करून आणि स्पष्ट बोलतात. इतर वर्गांत असे आढळले नाही.' वही मिटून त्या म्हणाल्या की पुढल्या वर्षी आठवीही तुम्हीच घ्या. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. इतका उतरला की मी खुर्चीवर बसले ती बराच वेळ उठलेच नाही.

चार वाजता मी प्रयोगशाळेत गेले. मामांनी स्पिरिटच्या दिव्यावर चंचुपात्रात चहा ठेवला होता. मी माझा कप घेऊन गेले होते. तुम्ही खोटं का धाडलंत, म्हणून मी त्यांच्यावर थोडी रागावले, आणि ते खाली मान घालून ऐकत राहिले. मग त्यांनी चहा त्यांच्या मगात ओतला आणि तो मग माझ्यापुढे धरला.

मी घेतला नाही. सवयीनं हात मागंच गेला. म्हटलं, मला आजार होता मामा, माझा कप वेगळा असतो, आणि तुमचंही वेगळंच असतं ना.

मामा माझ्याकडे नवलानं बघत राहिले. मग त्यांनी मगाची गोष्ट सांगितली. त्यांच्या गावच्या शाळेत त्यांना पाणी वरून ओंजळीत ओतायचे, भांडं मिळायचं नाही. लष्करात गेले तेव्हा सगळ्यांना सारखे मग मिळाले. डोंगरावर थंडीत एकाच मगातला चहा फिरायचा, आठ-आठ जणांत, कुणाच्या हातातून कुणाच्या हातात. ज्याचा मग त्याला शेवटचा घोट. आयुष्यात त्यांच्या हातातून कुणी भांडं घेतलं आणि तोंडाला लावलं ते तिथं पहिल्यांदा. म्हणून सुटताना तो मग त्यांनी मागून घेतला.

"वेगळं ठिवायला न्हाई आनला, बाई. कुनीतरी म्हनल, द्या की मामा घोटभर, म्हनून आनतोय रोज. पाच वरसं झाली. कुनी मागितलाच न्हाई."

मला लाज वाटली, खरी लाज. पाच वर्षं त्या खोलीत येऊन ते मग पुढं धरून बसत होते आणि आम्ही सगळ्या शिकलेल्या बायका समाधानानं मान हलवत होतो. मी मग घेतला. तोंडाला लावला. चहा गोडमिट्ट होता, लष्करी. निम्मा पिऊन मी परत दिला तर त्यांनी तो खाली ठेवला आणि माझा कप हातात घेतला. त्याच्या कानाचा दोरा उन्हानं आणि विसळण्यानं फिकट झाला होता. गाठ वहिनीनं घट्ट मारली होती. ती त्यांनी नखानं सोडवली, टोक पकडलं आणि दोरा उलगडायला लागले.

"एक," मामा म्हणाले. "दोन. तीन."

मला काहीतरी बोलायचं होतं. पण दाराच्या आतल्या बाजूला लिहिलेलं मी वाचलेलं होतं. अकरा वेढे निघाले. मग त्यांनी त्या कपात चहा ओतला आणि प्यायला.